केस न्या, वाडी घरी ठेवा

मानसिक आरोग्याच्या कामात नवीन लागलं की पहिला मोह मोठ्या कॉन्फरन्सचा होतो. मलाही झाला. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून रत्नागिरी जिल्ह्यात कामाला लागले आणि पहिल्याच वर्षी रजा टाकून, पदरचे पैसे भरून कोकणकन्येने मुंबई गाठली. दोन दिवस एसीत कुडकुडत मेंदूच्या स्कॅनच्या स्लाइड बघितल्या. आमच्याकडे घरचे आधी देवळात कौल लावतात, मग भगताकडे जातात आणि सगळं करून थकले की आमच्याकडे येतात. त्यावर तिथे कोणी अवाक्षर काढलं नाही. जेवण मात्र उत्तम होतं.

नवीन माणसाने आधी पंधरा-वीस जणांची कार्यशाळा शोधावी. रोल-प्ले असेल तर डोळे मिटून जा. माझ्या पहिल्या कार्यशाळेत मला पेशंटची आई केलं होतं. समोरच्या मुलाने विचारलं, "त्याला भास होतात का?" मी म्हटलं, "नाही हो." शिकवायला एक निवृत्त सिस्टर होत्या. त्यांनी त्याला बाजूला बसवलं आणि मला विचारलं, "रात्री अंगणात एकटाच कुणाशी बोलत बसतो का?" मी चटकन "होय" म्हणून गेले. ओपीडीत आजही मी तसंच विचारते.

इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीची वार्षिक परिषद, म्हणजे अॅन्सिप्स, साधारण जानेवारीत असते. ती मुख्यतः मनोविकारतज्ज्ञांची. तिथे जरूर जा, पण दोन-तीन वर्षं फिल्डवर काढून, स्वतःचा प्रश्न घेऊन. बेंगळुरूच्या निम्हान्सचं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचं, ऑनलाइन प्रशिक्षण घरबसल्या होतं. पावसाळ्यात लाइट टिकली तर. फी भरण्याआधी क्रेडिटचं, म्हणजे नोंदणी टिकवायला लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या हिशेबाचं, विचारून घ्या. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे ५ वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआयचे (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचे) गुण. आपल्यासारख्या सोशल वर्करना बहुतेकदा नुसतं सर्टिफिकेट मिळतं, ते फाइलला लागतं.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी एका जिल्हास्तरीय प्रशिक्षणात माझ्या एका पेशंटची केस मांडली. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. फक्त म्हटलं: वय २६, खारवीवाडी, बोटीवर कामाला, वडील बुडून गेले, धाकट्या बहिणीचं लग्न मोडलं. (इथेही तपशील बदललेत.) मुंबईत एवढ्यावरून कोणी ओळखलं नसतं. आमच्याकडे मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "अगो, हा तर आमच्या बाजूचा!"

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ गोपनीयतेचं आहे. ते मला पाठ होतं, परीक्षेला आलं होतं. पण नाव झाकलं की काम झालं, अशी माझी समजूत. कोकणात वाडी सांगितली की अर्धा माणूस सांगितला, आणि त्याला धंदा नि घरातला मृत्यू जोडला की उरलेला. आता मी वय बदलते, वाडी गाळते, बोटीचं आंबा-काजूच्या बागेतलं काम करते आणि मांडण्याआधी शेजारच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याला वाचून दाखवते. त्याला माणूस ओळखू आला की कागद परत खोडते.

त्या मुलाची आई पुढच्या फॉलो-अपला आली नाही. त्याची गोळ्यांची पाकिटं घेऊन मी घरी गेले, तर दार लावलेलं. पंधरा दिवसांनी परत गेले. तिने पाकिटं घेतली, चहाचं विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला पडवीत बसायला पाट दिला.