बूट काढताना भाजलं : रसायनगळतीच्या वर्दीवर जाणाऱ्या नव्या फायरमनसाठी

तो बूट मी वीस सेकंदांत ओढून काढला आणि पुढचे दोन महिने डाव्या पायात चप्पलसुद्धा घालता आली नाही.

मी कोकणातल्या औद्योगिक पट्ट्यात फायरमन आहे. आगीच्या वर्द्या, म्हणजे मदतीसाठी आलेली बोलावणी, कितीतरी केल्या, पण अंगावर कायमची खूण राहिली ती आग नसलेल्या वर्दीची. तुमचं प्रशिक्षण झालेलं आहे, बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा श्वसनसंच, चढवता येतो, होज पळवता येते, त्यामुळे मुळाक्षरं गिरवत नाही. मला जे कुणी नीट सांगितलं नव्हतं तेवढंच सांगतो.

महामार्गाच्या वळणावर टँकर कलंडला होता. आत कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं 48 टक्क्यांचं द्रावण, आणि ते वरच्या झाकणातून गळत होतं. आम्ही वारा पाठीशी घेऊन चढाच्या बाजूला गाडी लावली, बघ्यांना 50 मीटर मागे सारलं. टँकरवरचा फलक मोबाईलचा कॅमेरा झूम करून लांबूनच वाचला. यूएन क्रमांक, म्हणजे मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, 1824. हॅझकेम कोड, म्हणजे गळतीत काय करायचं ते सांगणारी खूण, 2 आर. ड्रायव्हर शुद्धीवर होता, त्यालाही विचारून खात्री केली. हे विचारणं सोडू नका. माल बदलतो आणि फलक जुनाच राहतो, असं होतं.

कोड पाठच करा. पहिला आकडा काय मारायचं ते सांगतो : 1 म्हणजे जाड फवारा, 2 म्हणजे बारीक फवारा, 3 फोम, 4 कोरडं. अक्षर पी, आर, एस, टी पैकी असेल तर भरपूर पाण्याने पातळ करायला परवानगी असते. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर अडवायचं, वाहू द्यायचं नाही. शेवटी ई असेल तर वस्ती हलवण्याचा विचार करायचा. साधं सल्फ्युरिक ॲसिड 1830 आणि 2 पी, पण त्याचाच भाऊ ओलियम 1831 आणि 4 डब्ल्यू ई. क्रमांकात एकाचा फरक, आणि एकावर पाणी चालतं तर दुसऱ्यावर मारलंत की पांढऱ्या धुराचा ढग गावावर जातो. घाईत आकडा चुकीचा ऐकून वायरलेसवर पुढे सांगितला तर काय होईल, याचा विचार करा.

आपल्या खात्यात हात आपोआप पाण्याकडे जातो. ती सवय आगीत जीव वाचवते, इथे घात करते. 98 टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड साध्या लोखंडी टँकरमधून नेतात, कारण तेवढं तीव्र ॲसिड लोखंडाला फारसं खात नाही. पाणी आत गेलं, ॲसिड पातळ झालं, की तेच लोखंड खायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणजे मदत करायला जाऊन तुम्ही टँकरच्या पोटात स्फोटाची तयारी करता. आणि थोडं पाणी हे सगळ्यात वाईट : ते ॲसिडवर पडताच उकळतं आणि थेंब तोंडावर उडतात. मारायचंच ठरलं तर पुरून उरेल इतकं, लांबून, आणि ते पाणी कुठे जाणार हे आधी बघून. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, 7 ला पाणी, त्याखाली ॲसिड, वर कॉस्टिकसारखी द्रव्यं. पीएच 1 चं एक लिटर ॲसिड नुसत्या पाण्याने पीएच 6 वर आणायचं तर एक लाख लिटर लागतं. म्हणून आधी कोरड्या वाळूचा बांध, गटाराचं तोंड बंद. भुसा वापरू नका, तीव्र ॲसिडमध्ये तो काळा पडतो, नायट्रिकमध्ये पेटूही शकतो. आणि कॉस्टिकच्या थारोळ्यात ॲल्युमिनियमची शिडी टेकवू नका, तिथेही हायड्रोजनच निघतो.

आता माझी चूक.

मी केमिकल सूट घालून आत गेलो, वाळूच्या गोण्या लावल्या, झाकणाचे बोल्ट आवळले. काम चांगलं झालं. बी.ए.ची हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली तसा बाहेर आलो. धुण्याची जागा तयार नव्हती. एकाने दोन बादल्या अंगावर ओतल्या. आमचे तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले, "काढ लवकर, झालं, दुसरा आत जातोय." मी बंपरवर बसलो, आधी ग्लोव्ह काढले, उघड्या हातांनी बूट ओढला. सूटची पँट मी बुटाच्या आत खोचली होती. पोटऱ्यांवरून ओघळलेलं कॉस्टिक त्या घडीत साठलं होतं, ते बूट निघताना मोज्यात गेलं.

काहीही झोंबलं नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळा सापळा त्यातच आहे. ॲसिड लागलं की माणूस ओरडतो आणि पाण्याकडे धावतो. कॉस्टिक सुरुवातीला बरेचदा गप्प असतं. हात बुळबुळीत लागले, साबण लावल्यासारखे, ते मी पाण्याने विसळले. पायही बुळबुळीत वाटत होता, मला वाटलं घाम. गाडीत बसून आम्ही चाळीस मिनिटांनी केंद्रावर पोहोचलो. ती बुळबुळ म्हणजे माझ्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत होता. ॲसिडने कातडी आटून कडक होते आणि तो थर त्याला थोडं तरी अडवतो. अल्कली, म्हणजे कॉस्टिकसारखं ॲसिडच्या उलट द्रव्य, कातडी विरघळवत खाली उतरत जातं, त्याला थांबवणारं काही नसतं. मोजा काढला तेव्हा घोट्यावरची कातडी पांढरी, भिजलेल्या साबुदाण्यासारखी मऊ झाली होती आणि मोज्याबरोबर सरकली. दुखायला लागलं ते त्यानंतर.

तर पहिलं : पँट बुटाच्या बाहेरून, वर टेप. हात खाली ठेवून काम असेल तर बाही ग्लोव्हच्या बाहेरून, हात वर करून असेल तर उलट. तिथेही टेप.

दुसरं : धुण्याची जागा तयार होऊन तिथल्या होजमध्ये पाणी येईपर्यंत कुणीही आत जायचं नाही. कुणीही. वरिष्ठ ओरडले तरी. आत माणूस अडकला असेल तर निर्णय त्यांचा, पण गळती बंद करायला पाच मिनिटं उशिरा गेलात म्हणून कोणी मरत नाही.

तिसरं, हवेचा हिशेब. 6 लिटरचा सिलिंडर 300 बार दाबाने भरलेला म्हणजे 1800 लिटर हवा. मिनिटाला 40 लिटर धरले तर कागदावर 45 मिनिटं होतात. सूटमध्ये गोण्या उचलताना 60 लिटर सहज लागतात, मग उरतात 30. त्यातून येण्याजाण्याचा वेळ वजा करा, धुण्याची दहा मिनिटं वजा करा, शिवाय राखीव हवा. हातात कामाला पंधराएक मिनिटं राहतात. मी शिट्टी वाजल्यावर निघालो, तिथेच माझं धुणं घाईचं ठरलं होतं. शिट्टी धुऊन झाल्यावर वाजली पाहिजे.

चौथं, धुण्याची रीत. दाब कमी ठेवा, जोरदार धार शिवणीतून आत घुसते आणि धुणाऱ्याच्याही अंगावर उडते. डोक्याकडून खाली, हात पसरून. काखा, जांघा, चेनवरची पट्टी, बुटाचा तळवा, आणि जिथे जिथे घडी आहे ती उलगडून. 48 टक्क्यांचं कॉस्टिक साखरेच्या पाकासारखं चिकटतं, दोन बादल्यांनी ते जात नाही, फक्त पसरतं. मग पीएच कागद सूटला लावून बघा. निळा झाला तर परत धुवा. मास्क तोंडावरच. सूट सोबत्याने उतरवायचा, बाहेरची बाजू आत गुंडाळत, तुम्ही फक्त उभं राहायचं. बूट त्याच्याबरोबर. मास्क त्यानंतर, आतले ग्लोव्ह सगळ्यात शेवटी.

आणि तरीही लागलं तर फक्त पाणी, सलग, कपडे उतरवून. व्हिनेगर नाही, लिंबू नाही. कातडीवर अल्कली आणि ॲसिडची गाठ घातली की उष्णता निघते. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या धरून अर्धा तास तरी पाणी, रुग्णवाहिकेतही चालू ठेवा. हायड्रोफ्लोरिक ॲसिडची गोष्ट वेगळी. तिथे पाण्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं, ते वापरणाऱ्या कारखान्यात असायलाच हवं. ते कुठे ठेवलंय हे आजच, वर्दी नसताना, जाऊन बघून या.

हे सगळं वाचून छाती दडपली असेल तर सांगतो, ही कामं जमतात. आगीसारखी ही वर्दी तुमच्यामागे धावत नाही. टँकर तिथेच असतो, तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो, फक्त तो घ्यायचा असतो. मोबाईलवर दोन मिनिटांच्या चित्रफिती बघून सूट घालायला शिकू नका. त्यात घालताना दाखवतात, काढताना दाखवत नाहीत. मला खरं शिकवलं ते आमच्या एका जुन्या पंप ऑपरेटरने. पदकं नाहीत, भाषणं नाहीत, पण तो दर वेळी धुण्याची जागा आधी मांडतो आणि मगच चहा मागतो. असा माणूस तुमच्या केंद्रात शोधा आणि त्याच्या मागे मागे राहा.

हळदीचा सराव त्यानेच सुचवला. पांढरी गंजी आणि मोजे हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचे, ते घालून वर सूट चढवायचा. सोबत्याने सूटवर साबणाचं दाट पाणी फासायचं. मग धुऊन उतरवायचं. हळदीला साबण लागला की लाल डाग पडतो, हे घरात कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. जिथे लाल, तिथे तुम्ही भाजला असता.

पाय बरा झाल्यावर पहिल्याच सरावात माझ्या गंजीवर मानेपाशी लाल ठिपका होता, आणि डावा मोजा पुन्हा लाल. त्या दुपारी आम्ही तोच सराव चार वेळा केला. चौथ्यांदा मोजा पिवळाच निघाला.