लाकडी फरशी घालताना या चुका टाळा

आमचं घर बेळगावच्या शहापूर भागातलं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढची खोली शहाबादीची, मधलं घर लाल कोब्याचं, परसात विहीर. चार वर्षांपूर्वी एप्रिलात पुढच्या खोलीतल्या शहाबादीवरच आम्ही सागवानी पट्ट्या बसवून घेतल्या. १४ मिलिमीटर जाड, ९० मिलिमीटर रुंद, पॉलिश होऊन आलेल्या. जूनपर्यंत आल्यागेल्याची नजर आधी जमिनीकडे जायची. ऑगस्टात पूर्वेच्या भिंतीलगतच्या पट्ट्यांच्या कडा उचलल्या आणि मधला भाग खाली राहिला, जशी ओळीने पन्हळं मांडावीत. गणपतीचा चौरंग त्या जागी डुगडुगायला लागला, तेव्हा खालची एक पट्टी काढून बघितली. पट्टीची पाठ काळी पडली होती आणि शहाबादी ओलीगच्च होती.

लाकूड चांगलं होतं. ज्याच्यावर ते बसवलं त्याची चौकशी आम्ही चुकीच्या महिन्यात केली होती. तीच फरशी दीड वर्षाने पुन्हा घातली, ती आजही सपाट आहे. मधल्या काळात निपाणीला माहेरी, खानापूरला नणंदेकडे आणि अथणीला एका स्नेह्यांकडे अशा फरशा बघितल्या, सुतारांशी तासन्‌तास बोलले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, म्हणजे निदान तुमचे पैसे वाचतील.

ओल बघायची ती पावसाळ्यात

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मे महिन्यात जमीन कोरडी दिसते, हात लावला तर गार लागते एवढंच. म्हणून आपण म्हणतो, ओल नाही. पण जुन्या घरांत फरशीखाली काँक्रीट नसतं. मुरूम नाहीतर माती, त्यावर चुन्याचा थर, त्यावर शहाबादी किंवा लादी. भिंत जांभ्याची असेल तर तोही दगड सच्छिद्र. मृग-आर्द्रा बरसल्या की जमिनीतलं पाणी या थरांतून वर चढतं. एरवी ते फरशीच्या सांध्यांतून हवेत उडून जातं, आपल्याला पत्ता लागत नाही. वर लाकूड ठोकलं की त्याची वाट बंद होते आणि ते लाकडात शिरतं.

परीक्षा सोपी आहे. जाड प्लॅस्टिकचा साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्या, फरशीवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. निदान १६ तास ठेवायचा. मी म्हणेन दोन रात्री ठेवा. मग उचलून बघा. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब किंवा फरशीवर काळपट डाग दिसला, तर ओल जमिनीतून येतेय. थेंब वरच्या अंगाला असतील तर ती हवेतली आहे, तिचा दोष जमिनीला लावू नका. एकाच जागी करून भागत नाही. बाहेरच्या भिंतीलगत, मोरीच्या बाजूला आणि खोलीच्या मधोमध असे तीन तुकडे लावा. आणि हे सगळं श्रावणात करा, जेव्हा विहिरीचं पाणी वर आलेलं असतं. आमच्याकडे एप्रिलात प्लॅस्टिक कोरडं होतं. त्याच वर्षी ऑगस्टात तेच प्लॅस्टिक उचलल्यावर मेस्त्री म्हणाले, "काकी, खालनं घाम येऊलाय बघा. ह्याच्यावर लाकूड घातलं की ते पाणी पिणारच."

ओल सापडली की पहिली धाव घराबाहेर घ्या. आमच्या पूर्वेच्या भिंतीला पन्हळ नव्हतं. कौलांच्या पागोळ्या थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत होत्या, आणि अंगणाचा उतार घराकडे होता. पन्हळ लावलं, उतार फिरवला, भिंतीचा सुटलेला गिलावा बदलला. मग त्या बाजूची शहाबादी उखडून खाली प्लॅस्टिकचा जाड कागद आणि वर १०० मिलिमीटर काँक्रीट घातलं. काँक्रीट वाळायला दर इंचाला सुमारे एक महिना धरतात, म्हणजे आमच्या थराला चार महिने. वरून दुसऱ्या दिवशी पांढरं पडलं म्हणजे ते वाळलं असं होत नाही. आम्ही अख्खा पावसाळा जाऊ दिला, पुन्हा प्लॅस्टिक लावून बघितलं, ओल थोपवणाऱ्या इपॉक्सीचा थर दिला आणि कार्तिकात लाकूड घातलं.

काहीजण म्हणतील, नुसता प्लॅस्टिकचा कागद अंथरून वर प्लायवुड ठोकला तर? हवेतली थोडीफार ओल असेल तर चालतं. पण खालून पाणी चढत असेल तर प्लायचा प्रत्येक खिळा त्या कागदाला भोक पाडतो आणि अडलेलं पाणी भिंतीत चढायला लागतं. नणंदेचं खानापूरचं घर जांभ्याचं, तळमजल्याची मूळ जमीन शेणाने सारवलेली, नंतर वर लाद्या बसवलेल्या. तिला मी स्पष्ट सांगितलं, इथे लाकूड घालू नकोस. खानापुरात तर पाऊस बेळगावपेक्षाही दांडगा. तिने माडीवर घातलं. तिथे खालून ओल यायचा प्रश्नच नव्हता आणि फरशी सुरेख राहिली आहे. तळमजल्याची जमीन दर पावसाळ्यात ओलावत असेल आणि ती उखडून काढायची तयारी नसेल, तर शहाबादी घासूनपुसून, पॉलिश करून ठेवणं शंभरपट बरं. ती ओल सहन करते, लाकूड करत नाही.

हवेचा हिशेब

निपाणीच्या तंबाखूतल्या माणसांना हे वेगळं समजवावं लागत नाही. वाळला पाला पहाटेच्या दवात नरम असतो तेव्हा हाताळतात, दुपारी हात लावला तर चुरा होतो. लाकूडही तसंच, हवेतली ओल घेतं आणि सोडतं. फक्त सावकाश. हवेत ४० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातली ओल ७-८ टक्क्यांवर येऊन थांबते. ८० टक्के असेल तर ती १६ टक्क्यांपर्यंत जाते. बंद घरात आणि पॉलिशखाली एवढा फरक पडत नाही, पण चारेक टक्क्यांचा सहज पडतो.

आता गणित करा. सागवानातली ओल एका टक्क्याने वाढली की पट्टी रुंदीत जास्तीत जास्त ०.१९ टक्क्यापर्यंत फुगते. ऐकायला काहीच नाही. पण खोली ३ मीटर रुंद असेल आणि ओल ४ टक्क्यांनी वाढली, तर सगळ्या पट्ट्या मिळून जवळजवळ २३ मिलिमीटर जागा मागतात. ती मिळाली नाही की फरशी मधोमध तंबूसारखी उठते. सागवान तर कमी हलणारं, म्हणजे कमी फुगणारं-आकसणारं, त्याची ही गत. ऐन, ज्याला कानडीत मत्ती म्हणतात, याहून जास्त हलतो. लांबीत मात्र लाकूड जवळपास हलतच नाही. म्हणून पट्ट्यांच्या लांब कडेला असलेल्या दोन भिंतींशी जागा सोडणं सगळ्यात महत्त्वाचं. १० ते १२ मिलिमीटर चारही बाजूंना सोडाच. ती फट वर स्कर्टिंगने, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीने, झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फरशीला नाही. खाली अंथरलेल्या प्लायवुडला (प्लायला) खिळे आणि गोंदाने पक्क्या बसवलेल्या पट्ट्या जखडल्यामुळे कमी फुगतात, पण फट त्यांनाही लागतेच.

आपल्या एकाच जिल्ह्यात कणकुंबीसारखा धो-धो पावसाचा भाग आहे आणि अथणीसारखा कोरडाही. त्यामुळे एका गावचा अनुभव दुसऱ्या गावी उचलून नेऊ नका. बेळगावात मला कार्तिक ते पौष हा काळ बरोबर वाटतो. हवा फार ओली नाही, फार कोरडीही नाही. मेमधली वाळकी पट्टी घट्ट ठोकली तर जुलैत ती फुगणार, आणि जुलैत बसवलेली मार्चमध्ये आकसून फटी पाडणार. अथणीच्या स्नेह्यांनी आषाढात, सवलत मिळाली म्हणून, घाईने बसवून घेतली. होळीपर्यंत फटींत दोन रुपयांचं नाणं उभं जात होतं.

पट्ट्या दुकानातून आल्या की त्याच दिवशी कामाला लागणं ही दुसरी घाई. पुडे फोडा, मध्ये काठ्या घालून त्याच खोलीत रचा, भरीव लाकूड असेल तर निदान ७ ते १० दिवस राहू द्या. प्लायवर लाकडाचा पापुद्रा चिकटवलेली इंजिनिअर्ड पट्टी असेल तर २-३ दिवस चालतात. त्याआधी घरातला गिलावा, रंग, सगळं वाळलेलं हवं. सुताराकडे ओल मोजायचं टोचणीचं मीटर आहे का विचारा. पट्टी आणि खालचा प्लाय यांच्या आकड्यांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

शेतातलं सागवान कापून घरच्या घरी पट्ट्या काढायचा मोह खानापूरकडे पुष्कळांना होतो. झाड आपल्या मालकीचं असलं तरी तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते, हे आधी लक्षात घ्या. ओलं लाकूड उघड्यावर सावलीत वाळवायला इंचाला वर्षभर धरतात. यंदा तोडून यंदाच्या दिवाळीला फरशी होत नाही.

उंची आणि सपाटी

१२ मिलिमीटरचा प्लाय आणि १४ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे जमीन २६ मिलिमीटरने वर येते. दारं खालून रंधायला लागतात, हे सगळ्यांना सुचतं. उंबरठ्याची उंची घटते, मोरीकडचा उंचवटा जवळजवळ नाहीसा होतो आणि पाणी खोलीत यायला लागतं, हे नंतर कळतं. जिन्याचं तर कुणीच बघत नाही. खोलीतून जिना चढत असेल तर पहिली पायरी एक इंचाने बुटकी होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय वर्षानुवर्षांच्या सवयीने पडतो आणि तिथेच अडखळतो. माझ्या सासूबाई अशाच पडता पडता वाचल्या. एका पायरीत फरक पडत असेल तर आधी पायऱ्यांचा विचार करा, मग फरशीचा.

सपाटीसाठी दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी जमिनीवर आडवी-तिडवी फिरवा. खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर तो खड्डा भरायला हवा, उंचवटा घासायला हवा. जुन्या लाद्या नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजणारी लादी काढून पुन्हा बसवा. हे कंटाळवाणं काम आहे आणि सुतार ते गवंड्याचं समजतो, गवंडी सुताराचं. पुढे पाय पडला की कुरकुरणारी जागा हटकून इथेच असते.

प्लाय मरीन दर्जाचा, आयएस ७१० लिहिलेलाच घ्या. दोन तुकड्यांमध्ये ३ मिलिमीटर फट ठेवा. पट्ट्यांना पीयू (पॉलियुरेथेन) गोंद वापरा. पाण्यात केलेला पांढरा गोंद स्वतःच पट्टीला पाणी पाजतो. शेजारच्या ओळींचे सांधे निदान ३० सेंटिमीटर पुढेमागे असू द्या. जमिनीतून वायर किंवा नळ गेला असेल तर त्याची रेघ खडूने आखून मगच खिळा मारा.

वाळवीचं काम प्लायच्या आधी. भिंत आणि जमीन मिळते तिथे दर ३० सेंटिमीटरवर भोक पाडून औषध सोडतात आणि भोक बुजवतात. फरशी झाल्यावर हे करायचं तर स्कर्टिंग उखडावं लागतं. गवंड्याने जमिनीत सोडून दिलेला लाकडाचा ठोकळा, फळीचा तुकडा आधी उपसून काढा. वाळवीला आवतण तिथूनच जातं.

बिघडलीच तर

कडा वर आल्या असतील तर लगेच पॉलिशवाल्याला बोलावून घासून घेऊ नका. ही चूक भल्याभल्यांकडून होते. आत्ता घासलं तर उचललेल्या कडा कापल्या जातात, आणि लाकूड वाळल्यावर पट्टीचा मधला भाग उंच राहतो. मग पुन्हा घासायचं म्हणजे पट्टी निम्मी. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, ते थांबवा, खोली हवेशीर ठेवा आणि एक ऋतू जाऊ द्या. पुष्कळ पट्ट्या आपोआप बसतात.

मार्चमधल्या बारीक फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. पावसाळ्यात पट्ट्या फुगल्या की तीच लांबी त्यांची कड चिरडते. श्रावणातही फट तशीच राहिली, तरच त्याच लाकडाची बारीक चीप घालून घ्या.

मधोमध तंबू उठला असेल तर भिंतीकडचं स्कर्टिंग काढून बघा. बहुतेक वेळा पट्टी भिंतीला टेकलेली सापडते. तिथे कापून फट केली की बरीचशी फरशी काही आठवड्यांत खाली येते. नुसती ठेवलेली, न चिकटवलेली लॅमिनेटची फरशी असेल तर तिजोरीसारखं जड कपाट दोन्ही टोकांना ठेवलंय का तेही बघा. दोन्हीकडून दाबलेल्या फरशीला हलायला जागाच राहत नाही.

खिळ्याभोवती काळे डाग पडतात ते लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचे आणि लोखंडाचे, ओल लागली की उमटतात. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने ते फिके होतात, पण हातमोजे घाला आणि लेकरांना लांब ठेवा. आमच्या काळ्या पाठीच्या पट्ट्यांपैकी अकरा पट्ट्या कुजल्या होत्या, त्या टाकाव्या लागल्या. बाकीच्या वाळवून, रंधून पुन्हा वापरल्या.

रोज सकाळी बादलीभर पाण्यात फडकं बुडवून फरशी पुसायची आपली सवय आहे. ते फडकं इतकं पिळायचं, की पुसल्यावर मिनिटभरात जमीन कोरडी व्हावी. सणासुदीला घर धुवून काढताना ही खोली सोडायची. कामाला येणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून दाखवा, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताला शहाबादीची सवय आहे. आमच्याकडे समईखाली आता पितळी ताट असतं, आणि पावसाळ्यात छत्र्या व्हरांड्यातच निथळतात.