सोलापूरच्या उन्हात बॉक्सवूड जगवायचं कसं

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडं नवीन घरं झाली की दाराच्या दोन्ही बाजूला गोल कापलेली हिरवीगार झाडं पाहिजेत असं आता बऱ्याच जणांना वाटतं, मग हौसेनं बॉक्सवूड आणलं जातं आणि पहिल्याच मे महिन्यात ते वाळून काडी होतं, आणि सगळा दोष उन्हावर जातो. ऊन आहेच ओ, ४२-४३ डिग्री म्हणजे खायचं काम नाही, आणि हे झाड मूळचं थंड हवेतलं. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडं बॉक्सवूड उन्हापेक्षा मुळांच्या हालानं जास्त मरतं. याची मुळं बारीक आणि वरच्यावर पसरणारी, बहुतेक सगळी वरच्या वीत-दीड वीत मातीतच असतात, खाली ओल शोधत जात नाहीत. एवढं डोक्यात ठेवलं की जागा, माती, पाणी सगळ्याचा हिशेब त्यावरूनच लागतो.

आधी घेताना बघून घ्या. खऱ्या बॉक्सवूडची पानं समोरासमोर जोडीनं येतात, नखाएवढी, जाडसर, चकचकीत, कडा एकदम गुळगुळीत, आणि कोवळी काडी बोटात फिरवली तर चौकोनी लागते. पानाच्या कडेला बारीक दाते असतील तर ते युऑनिमस, एका देठावर पाच-सात छोटी पानं असतील तर कामिनी, आणि पोपटी-पिवळं दिसत असेल तर बहुतेक गोल्डन ड्युरांटा. तीनही चांगली झाडं आहेत पण बॉक्सवूडच्या भावात घेऊ नका. ऑनलाइन मागवत असाल तर अजून जपून, प्लास्टिकच्या हिरव्या शीटलासुद्धा बॉक्सवूडच म्हणतात. जात निवडायला मिळाली तर जॅपनीज बॉक्सवूड म्हणजे मायक्रोफिला घ्या, इंग्लिशपेक्षा ते गरमी बरी सोसतं. पुण्याहून येताना हायवेला सोरतापवाडी, उरुळी कांचनला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिथून आणणारे पुष्कळ जण आहेत, फक्त आणल्या आणल्या लावायची घाई नको, नर्सरीत ते ग्रीन नेटखाली वाढलेलं असतं, दोन आठवडे सावलीत ठेवा आणि मग हळूहळू सकाळचं ऊन दाखवा.

जागा पूर्वेची. सकाळी दहा-अकरापर्यंत ऊन आणि नंतर सावली मिळाली की झालं. पश्चिमेची भिंत, पत्र्याचं शेड, पेव्हर ब्लॉकचं अंगण यांच्याजवळ अजिबात नको, कारण तिथं वरून ऊन आणि खालून झळ असा दोन्हीकडून मार बसतो. दाराला पश्चिमच असेल तर मार्च ते मृग लागेपर्यंत पन्नास टक्क्याचं ग्रीन नेट बांधायची तयारी ठेवा, नाहीतर तिथं हे झाड लावूच नका.

आता माती, कारण खरी गडबड इथंच होते. आपली काळी माती ज्वारीला सोनं आहे, बॉक्सवूडला नाही. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते, हवा आत जात नाही आणि मुळं गुदमरून कुजतात, आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळते तेव्हा वरवरची बारीक मुळं ताणली जाऊन तुटतात. म्हणजे दोन्ही ऋतूत मार मुळालाच. बरेच जण म्हणतात आपल्या मातीत चुनखडी जास्त म्हणून बॉक्सवूड येत नाही, ते मला पटत नाही, इंग्लंडात बॉक्स हिल नावाची टेकडीच आहे, अख्खी खडूच्या दगडाची, आणि तिला नाव पडलंय तिथं आपोआप वाढलेल्या बॉक्सवूडवरून. चुना त्याला चालतो, साचलेलं पाणी चालत नाही.

म्हणून आपल्याकडं कुंडीच बरी. १४ ते १६ इंचाची, मातीची किंवा सिमेंटची, खाली भोकं मोठी आणि कुंडी दोन विटांवर उचललेली. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की कडेची मुळं भाजतात. भरायला दोन भाग तांबडी माती, एक भाग चाळलेला बारीक मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. शेणखत कच्चं असेल तर ते कुंडीत तापतं, त्यामुळं हातात घेतल्यावर वास न येणारं, भुरभुरीत असलं तरच वापरा. जमिनीतच लावायचं असेल तर खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, काळी माती काढून हेच मिश्रण भरा आणि जागा आजूबाजूपेक्षा चार-सहा इंच उंच ठेवा. लावताना बुंधा मातीत गाडायचा नाही, नर्सरीच्या पिशवीत जेवढा वर होता त्यापेक्षा बोटभर वरच राहू दे. लावायला नोव्हेंबर सगळ्यात बेस्ट, पुढं तीन-चार महिने थंडी मिळते आणि मुळं धरतात.

पाण्याचं म्हणाल तर नियम एकच, वाफसा आल्यावर पाणी. बोट दोन पेरं खुपसून बघा, वरचा थर कोरडा आणि खाली जरा ओल असली की भरपूर द्या, खालच्या भोकातून निघेपर्यंत, आणि मग परत थांबा. नळाला पाणी आलं म्हणून सगळ्या कुंड्या भरून टाकायच्या ही आपली सवय या झाडाला जड जाते. एप्रिल-मे मध्ये कुंडीला रोज लागेल, पहाटे किंवा सकाळी लवकर, दुपारी तापलेल्या टाकीचं पाणी तर चुकूनही नको. बोअरचं पाणी देत असाल तर मातीवर पांढरा थर आणि पानांची टोकं करपलेली दिसतील, ते क्षार आहेत, मग थोड्या थोड्या दिवसांनी नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी भरपूर सोडून कुंडी धुऊन काढायची.

मातीवर आच्छादन पाहिजेच. आपल्याकडं शेंगांची टरफलं आणि उसाचं पाचट याला तोटा नाही, दोन-तीन इंच थर द्या, फक्त बुंध्यापासून चार बोटं लांब. आणि कुंडीत खुरपं चालवू नका, गवत हातानं उपटा, खुरप्यानं नेमकी वरची मुळं कापली जातात.

कापणी. गोल आकार देण्याच्या नादात लोक फक्त वरून वरून कापतात, मग बाहेर दाट हिरवा पडदा आणि आत सगळं उघडं, वाळक्या काड्या, हवा जात नाही आणि पावसाळ्यात आत बुरशी. त्यामुळं वरून कापायच्या आधी आतल्या काही फांद्या हातानं विरळ करा, उजेड आत गेला पाहिजे. खालचा घेर वरच्यापेक्षा थोडा मोठा ठेवा नाहीतर सावलीनं खालची पानं गळतात. मोठी कापणी पाऊस सरताना, हलकी फिनिशिंग जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत, त्यानंतर कात्री ठेवून द्या, कारण फेब्रुवारीनंतर कापलं की कोवळी पालवी फुटते आणि ती उन्हात सरळ जळते. कात्री धारदार पाहिजे, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटनं पुसा. आणि धीर धरा, हे झाड वर्षाला काही इंचच वाढतं, युरिया टाकून ते पळत नाही, उलट मऊ पालवी येऊन किडीला आमंत्रण. पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ओंजळभर गांडूळखत पुष्कळ झालं.

उन्हाळ्यात पानं फिकट, बारीक ओरखडे पडल्यासारखी दिसली तर लाल कोळी बघा. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले की तेच. पहिल्यांदा सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तीन-चार दिवस, त्यानंही नाही गेलं तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा लिक्विड साबण, आणि ते संध्याकाळीच मारायचं, उन्हात मारलं तर पानं करपतात.

पूर्ण कंपाउंडला कुंपण करायचं असेल तर मात्र मी बॉक्सवूड सांगणार नाही, खर्च आणि पाणी दोन्ही वाया. तिथं कामिनी लावा, वास पण सुंदर, किंवा कोयनेल, ती तर आपल्या मातीत आणि उन्हात मस्त दाट होते. बॉक्सवूड दाराजवळच्या दोन-चार कुंड्यांपुरतं ठेवा म्हणजे नीट लक्ष देता येतं.

आणि कापलेल्या फांद्या गल्लीतल्या गायीपुढं किंवा शेळीपुढं टाकू नका, हे झाड जनावरांना विषारी आहे, घरात कुत्रं असेल तर कुंडीसुद्धा त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. त्यातल्याच चांगल्या निबर, चार-पाच इंचाच्या काड्या श्रावण-भाद्रपदात खालची पानं काढून कोकोपीट आणि वाळूत खोचून सावलीत ठेवल्या तर दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात, सगळ्या नाही धरत, म्हणून लागतील त्याच्या दुप्पट खोचा.