एका घरात दोन चुली: व्हर्च्युअल मशीन चालवताना या चुका टाळा

कार्तिक उजाडला की आमच्या फोंडा तालुक्यात जत्रा, काले, वर्धापनदिन यांची रांग लागते आणि प्रत्येक देवळाला नाटकाची हँडबिलं परवाच हवी असतात. नटांची नावं बदलतात, साचा मात्र गेल्या वर्षीचाच. माझे हे सगळे साचे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात, एका जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेत, आणि ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीचा उंबरठा ओलांडायला तयार नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून वाऱ्यावर सोडलं. माझ्या छपाईच्या दुकानातला एक्सपीचा पीसी त्यानंतरही बरीच वर्षं रेटला, शेवटी मदरबोर्डाने राम म्हटला. आता ते एक्सपी माझ्या विंडोज ११ च्या पोटात, व्हर्च्युअलबॉक्समध्ये राहतं. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम. त्या आतल्या कॉम्प्युटरला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतला तो पाहुणा, बाहेरचा तो यजमान. हे जमवताना मी स्वतः केलेल्या आणि इतरांच्या निस्तरलेल्या चुका इथे सांगतो.

पहिली चूक रॅमची. भाचा फर्मागुडीला इंजिनीअरिंगला आहे. एक दिवस त्याचा फोन आला, "मामा, व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू लिनक्स घातलंय, पण माउस हलवला तरी दोन सेकंदांनी हलतो."

"रॅम किती दिलीस?"

"सहा जीबी."

"आणि लॅपटॉपला एकूण?"

"आठ."

पाहुण्याला ताट भरून वाढलं आणि यजमान उपाशी, असा तो प्रकार. पाहुणा जेवतो ते यजमानाच्याच पातेल्यातून. विंडोज ११ वर ब्राउझर उघडा असला की तीनचार जीबी सहज जातात. मग उरलेली तूट विंडोज डिस्कवर ढकलतं, आणि डिस्क रॅमच्या मानाने कितीतरी हळू. त्यामुळे उबुंटूही रखडतं आणि खालचं विंडोजही. आठ जीबीच्या मशीनवर पाहुण्याला तीन, फार तर चार द्या आणि ब्राउझर बंद ठेवा. एक्सपीला तर एक जीबीही चैन वाटते. प्रोसेसरचंही तेच: सगळे कोअर पाहुण्याच्या नावावर करू नका. सेटिंगमधल्या पट्टीचा हिरवा भाग संपतो तिथे थांबायचं.

नवं मशीन बनवताना सिस्टिमच्या यादीत ६४ बिटची एकही दिसत नाही, फक्त ३२ बिटच्या दिसतात? बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन ही प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय बंद असते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. खाली 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे 'डिसेबल्ड' दिसलं तर बायोसमध्ये जाऊन चालू करा. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असं असतं, एएमडीवर एसव्हीएम मोड. पाच मिनिटांचं काम, पण यासाठी अख्खं विंडोज पुन्हा टाकून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

सगळं चालू आहे, रॅमही पुरेशी आहे, तरी पाहुणा कण्हतोय? व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतंय का बघा. ते कासव शोभेचं नाही. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनच्या यंत्रणेने, आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या पाठीवर बसून चालावं लागतंय, असा त्याचा अर्थ. विंडोज सिक्युरिटीतल्या 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असली तरी हे होतं. ती बंद करून मशीन रीस्टार्ट केलं की बऱ्याचदा कासव जातं. पण ती सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे वेग खरोखरच लागत असेल तरच तिला हात लावा. डॉकर किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांना ती यंत्रणा लागतेच, त्यांनी कासवाशी जुळवून घेतलेलं बरं.

आता स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं, पुढे काही बिघडलं तर तिथे परतता यावं म्हणून. सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

स्नॅपशॉट घेतला म्हणजे बॅकअप झाला, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पाहुण्याची डिस्क म्हणजे यजमानाकडची एक मोठी फाइलच. स्नॅपशॉट घेतल्या क्षणी मूळ डिस्कची फाइल गोठते आणि पुढचं सगळं लिखाण एका नव्या फाइलमध्ये होतं. दुसरा स्नॅपशॉट घेतला की आणखी एक फाइल. चालू मशीन म्हणजे ही अख्खी साखळी, आणि मधली एक कडी गेली की तिच्यापुढचं सगळं गेलं. शिवाय सगळ्या फाइली त्याच एका डिस्कवर, त्यामुळे डिस्क मेली तर मूळही जातं आणि स्नॅपशॉटही. भाच्याने तर कमालच केली. लॅपटॉप भरला म्हणून साफसफाईला बसला, 'स्नॅपशॉट्स' नावाच्या फोल्डरमध्ये महिरपी कंसात लांबलचक आकडे असलेल्या फाइली दिसल्या, कचरा समजून डिलीट केल्या आणि वर रिसायकल बिनही रिकामा केला. त्याच्या प्रोजेक्टचे शेवटचे तीन आठवडे त्याच फाइलींत होते.

स्नॅपशॉट काढायचा तो व्हर्च्युअलबॉक्सच्या आतूनच. तिथे 'डिलीट' म्हटलं की तो बदल मूळ फाइलीत मिसळून घेतो. त्याला वेळ लागतो आणि त्या वेळापुरती मोकळी जागाही लागते. म्हणून डिस्क गच्च भरण्याची वाट बघू नका. काही नवं इन्स्टॉल करायच्या आधी एक स्नॅपशॉट घ्यावा, दोन दिवस नीट चाललं की काढून टाकावा. आणि खरा बॅकअप म्हणजे मशीन पूर्ण शटडाउन करून तिचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करणं. ती डिस्क फॅट ३२ फॉरमॅटची नको, कारण त्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस ठेवा.

याच्याच जवळची तक्रार: "आतून दहा जीबी डिलीट केलं, पण बाहेर जागा काही वाढली नाही." वाढत जाणारी डिस्क वाढते, आपोआप आकसत नाही. आतली रिकामी जागा आधी शून्यांनी भरावी लागते आणि मग बाहेरून ती फाइल कॉम्पॅक्ट करावी लागते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. ढग गडगडले की वीज गेलीच. साध्या पीसीची वीज गेली तर एक फाइल सिस्टिम धोक्यात येते, इथे एकात एक अशा दोन. बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप असेल तर ठीक, नाहीतर यूपीएसशिवाय व्हर्च्युअल मशीन चालवू नका. यूपीएस ओरडायला लागला की आधी पाहुण्याला निरोप द्यायचा. घाईत 'सेव्ह स्टेट', म्हणजे मशीन आहे त्या स्थितीत गोठवून ठेवणं, चालतं, पण तेच रोजचं करू नका. महिनाभर सेव्ह स्टेटवरच जगलेलं मशीन एखाद्या दिवशी उठायला नकार देऊ शकतं, आणि उघडी राहिलेली फाइल त्याच्याबरोबर जाते.

माझ्यासारखे जे जुना पीसी जसाच्या तसा उचलून आत आणतात, त्यांच्यासाठी थोडं. डिस्क२व्हीएचडी हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं फुकट साधन जुन्या डिस्कची व्हीएचडी, म्हणजे व्हर्च्युअल डिस्कची, फाइल करून देतं आणि व्हर्च्युअलबॉक्स ती उघडतो. मी उघडली तेव्हा निळा पडदा आला, एररच्या आकड्याच्या शेवटी ७बी. दोन रात्री मी डिस्कलाच शिव्या घातल्या. दोष माझा होता: ती मी व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये साटा कंट्रोलरला (डिस्क जोडायची नवी पद्धत) जोडली होती आणि एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हरच नसतो. जुन्या पद्धतीच्या आयडीईला जोडली आणि चालू झालं. पीसीबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या पीसीलाच बांधलेलं असतं, ते मात्र असं उचलून आणता येत नाही.

मग प्रश्न लॉकचा. डीटीपीवाल्यांना ठाऊक आहे, यूएसबीचं लॉक (पेन ड्राइव्हसारखं दिसणारं, लायसन्स तपासणारं) लावल्याशिवाय हे टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही. नुसतं लॉक खोचलं तर ते यजमानाकडेच राहतं. सेटिंगमध्ये यूएसबी २.० निवडा, कारण ३.० एक्सपीला कळत नाही, आणि त्या लॉकचा फिल्टर घाला, म्हणजे ते खोचल्यावर पाहुण्याकडे जातं. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यासाठी एक्स्टेन्शन पॅक (व्हर्च्युअलबॉक्सला वरून टाकायची जादा भर) लागत नाही. ते बरंच, कारण तो पॅक घरगुती वापरापुरता फुकट आहे, दुकानात टाकायचा तर लायसन्स विकत घ्यावं लागतं.

एक्सपीला नेटवर्क देऊच नका, अडॅप्टर काढून टाका. फायली ने-आण करायला शेअर्ड फोल्डर पुरतो, पण सगळी डी ड्राइव्ह शेअर करायचा आळशीपणा नको. ग्राहकाच्या पेन ड्राइव्हमधून आत शिरलेला व्हायरस त्याच वाटेने बाहेर येतो. माझ्याकडे 'बाहेर' नावाचं एकच फोल्डर आहे. एक्सपीतून पीडीएफ त्यात पडते आणि छपाई विंडोज ११ वरून होते.

तुळशीच्या लग्नाआधी मी सगळं एकदा चालवून बघतो: लॉक दिसतं का, साचा उघडतो का, बॅकअपची प्रत दुसऱ्या पीसीवर उठते का. लॉकचं टोपण कधीच तुटलंय, चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि त्याची कॉपी व्हर्च्युअलबॉक्सलाही करता येत नाही. म्हणून गेल्या वर्षापासून एकेक जुना साचा युनिकोडमध्ये टाइप करून घेतो आहे. एकशे चाळीस झाले, साठेक उरलेत.