घरात कॅन्सर फिरतोय असं वाटतंय? जीन टेस्टच्या आधी तीन पिढ्यांचा तक्ता काढा

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की जीन टेस्ट कुठे करायची आणि खर्च किती. माझं म्हणणं, लॅबमध्ये जायच्या आधी एक मोठा ड्रॉइंग पेपर आणि पेन्सिल घ्या. आमच्या घरी दोन आत्यांना ब्रेस्ट कॅन्सर झाला, एक 38 ची असताना, दुसरी 44 ची, आणि कितीतरी वर्षं सगळे नशीब म्हणून गप्प बसले. मी तक्ता काढायला घेतला तेव्हा कुठे चित्र दिसायला लागलं.

काढायचं कसं ते अगदी सोपंय. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आजार झालेला असेल तर आकार भरून टाकायचा, माणूस गेलेला असेल तर तिरकी रेघ मारायची, ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण. आजी-आजोबांची पिढी सगळ्यात वर, मग आईवडील आणि त्यांची सगळी भावंडं, मग आपण आणि चुलत-मावस-आते-मामे सगळे. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ काढा, आपल्याकडे अशी लग्नं होतात आणि थॅलेसेमिया, सिकलसेल असे आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत आल्यावर होणारे आजार शोधताना ती रेघ फार कामाची असते.

खरं काम आहे विचारण्याचं. जुनी माणसं कॅन्सर हा शब्द तोंडातून काढत नाहीत, ती म्हणतात "गाठ झाली होती", "पोटात पाणी झालं होतं". माझ्या आजीच्या बहिणीला असंच पोटात पाणी झालं होतं, बाई पन्नाशीची असताना पोटात पाणी होऊन काही महिन्यांत गेली असेल तर अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो, तिथे प्रश्नचिन्ह टाकून ठेवा, सोडून देऊ नका. वय आठवत नसेल तर 72 चा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, कुणाचं लग्न, धाकटा तेव्हा कितवीत होता असं विचारत गेलं की बरोबर लागतं. आणि बायकांचे जुने कागद शोधताना माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं घेऊन जा, आमच्या एका आत्याची फाइल माहेरच्या नावावर निघाली.

वडिलांची बाजू अजिबात गाळायची नाही!! ब्रेस्ट कॅन्सर म्हणजे आईकडूनच येणार हा समज मला अजूनही सगळीकडे ऐकू येतो. बीआरसीए1 आणि बीआरसीए2 हे ब्रेस्ट आणि अंडाशयाचा कॅन्सर रोखणारे दोन जीन. बीआरसीए1 17 नंबरच्या क्रोमोसोमवर (जीन ज्यावर ओळीने असतात तो धागा) आहे, बीआरसीए2 13 नंबरच्या, हे मुलगा की मुलगी ठरवणारे क्रोमोसोम नाहीत, म्हणजे बिघडलेला जीन बापाकडूनही मुलीला तितकाच येतो. बाप ठणठणीत असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

वयावर मी एवढा जोर का देतोय, तर 1971 मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून एक गोष्ट मांडली. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, कॅन्सर रोखणाऱ्या जीनच्या दोन्ही बिघडाव्या लागतात. ज्याला जन्मतःच एक बिघडलेली मिळाली त्याच्या पेशीत फक्त दुसरी बिघडायची बाकी असते, म्हणून आजार लवकर येतो, कधी दोन्ही बाजूंना येतो. सगळ्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच असे वारशाने आलेले असतात, त्यामुळे 75 व्या वर्षी एका आजोबांना झाला म्हणून घाबरू नका.

आता टेस्ट. शक्यतो ज्याला आजार झालाय त्याचीच आधी करायची, कारण निरोगी माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर घरात दोष नाहीच की याला मिळाला नाही हे कळत नाही. रक्ताची टेस्ट जन्मतः आलेला बदल दाखवते, गाठीच्या तुकड्याच्या टेस्टमध्ये नंतर त्या गाठीपुरते झालेले बदलही दिसतात, दोन्हींची सरमिसळ करू नका. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सवाले आहेत, कुठेही गेलात तरी आधी जेनेटिक काउन्सेलरशी, म्हणजे वारशाने येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याशी बोला आणि तक्ता सोबत न्या.

रिपोर्टवर सी.68_69डेल असं काहीतरी लिहिलेलं असेल, म्हणजे जीनमधली 68 आणि 69 नंबरची अक्षरं गळालीत. पेशी अक्षरं तीन-तीन करून वाचते. "कमल सरळ बघत" यातून "मल" काढा आणि परत तिनाच्या गटात वाचा, "कसर ळबघ त", पुढचं सगळं बिघडलं ना, प्रोटीनचंही तसंच होतं आणि ते अर्धवट तुटतं. मग सापडलेल्या बदलाचे पाच वर्ग असतात, नक्की घातक, बहुतेक घातक, अर्थ न लागलेला, बहुतेक निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला, ज्याला व्हीयूएस म्हणतात, तो आला तर त्याच्या भरवशावर ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नाही, दर एक-दोन वर्षांनी वर्गीकरण बदललं का ते विचारत राहा. क्लिनव्हार नावाचा डेटाबेस फुकट उघडतो, तुमचा बदल तिथे टाकून बघता येतो, पण अर्थ काउन्सेलरकडूनच लावून घ्या.

घातक बदल सापडला तर बाकी नातेवाईकांना पूर्ण जीन वाचायची गरज नसते, तेवढा एकच बदल आहे का बघतात, खर्चही कमी येतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के, मुलगा असो की मुलगी. बीआरसीए1 मध्ये घातक बदल असलेल्या बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत ब्रेस्ट कॅन्सरचा धोका साधारण 72 टक्के आणि अंडाशयाचा 44 टक्के असा एका मोठ्या अभ्यासात निघाला, म्हणून एमआरआय लवकर सुरू करणं, मुलं झाल्यावर अंडाशय काढणं असे पर्याय डॉक्टर समोर ठेवतात.

आमच्याकडे थोरल्या आत्यात तो बदल निघाला, मग वडिलांमध्येही. तक्त्यात अजून सात जणांपुढे प्रश्नचिन्ह आहे, त्यातली दोघं अकरावीत आहेत, त्यांची टेस्ट 18 पूर्ण व्हायच्या आत करायची नाही आणि नंतरही करायची की नाही ते त्यांनी स्वतः ठरवायचं, हे मी तक्त्याच्या कोपऱ्यात पेनने लिहून ठेवलंय.