डॅलसमधली फुटलेली कॉइल: गंज की गोठण?

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या कडाक्याच्या थंडीत वीज गेली आणि डॅलसमधल्या आमच्या ऑफिस इमारतीत एअर हँडलरची (इमारतीत हवा फिरवणाऱ्या यंत्राची) गरम पाण्याची कॉइल, म्हणजे हवा तापवणाऱ्या नळ्यांचा संच, फुटली. विमा कंपनीच्या माणसाचं म्हणणं, नळ्या जुन्या, गंजलेल्या. देखभाल माझ्याकडे आहे, मला ते पटेना.

कॉइल भंगारात जाऊ दिली नाही. फुटलेला तुकडा कापून, खूण करून ठेवला. तांब्याची नळी आधी फुगलेली, मग लांबीच्या दिशेने माशाच्या तोंडासारखी उघडलेली, कडा ताणून पातळ झालेल्या. गंजाने भोक पडलं तर आत खड्डे दिसतात, नळी अशी फुगत नाही. पाणी गोठताना साधारण 9 टक्के प्रसरण पावतं, पण नळी फोडतो तो बर्फाच्या बुचामागे कोंडलेल्या पाण्याचा दाब. त्यामुळे फूट बर्फापासून दूर, यू-बेंडजवळही (नळीच्या वळणाजवळ) सापडते.

मग एवढी थंड हवा आत आली कुठून? वीज गेली की बाहेरच्या हवेचा डॅम्पर (हवेची वाट उघडणारी-मिटणारी पाती) स्प्रिंगने आपोआप मिटायला हवा. इथे डॅम्परची मोटर मिटलेल्या स्थितीला आलेली, पाती मात्र उघडीच! मोटर आणि पात्यांचा दांडा यांच्या जोडणीचा स्क्रू ढिला होता, दांड्यावर घसरल्याचा चकचकीत ओरखडा. आधी फोटो काढले, मगच हात लावला.

नवी कॉइल बसवली, जोडणी घट्ट केली, वीज तोडून पाती मिटताना स्वतः पाहिली. फ्रीझस्टॅटची (गोठण्याइतकी थंडी जाणवली की यंत्र थांबवणाऱ्या उपकरणाची) लांब, बारीक केशनळी एका कोपऱ्यात गुंडाळलेली होती, ती कॉइलच्या पूर्ण तोंडावर नागमोडी फिरवली. फोटो आणि तुकडा पाहिल्यावर दावा मंजूर झाला.