नर्मदा परिक्रमेत शहरात एक दिवस थांबताय? या चुका टाळा

पायी परिक्रमेत आठ-दहा दिवस सलग चाललं की शरीर सुट्टी मागतंच. ती जरूर द्या. पण हा दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा शहरात पाऊल टाकल्यावर, आणि कधी कधी त्यापायी परिक्रमाच खंडित होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पलीकडच्या काठावर जाणं. उपनद्या ओलांडलेल्या चालतात, नर्मदा मैया ओलांडायची नाही. समुद्रसंगमावर पलीकडच्या तटावर नेणारी होडी तेवढी अपवाद. नियम सगळ्यांना पाठ असतो, पण आरामाच्या दिवशी डोकंही आराम करत असतं. उत्तर तटावर बुधनीला थांबलात की पुलापलीकडचं नर्मदापुरम खुणावतं: मोठा बाजार, सेठानी घाट. महेश्वरला नावाडी नदीच्या मधोमध असलेलं बाणेश्वराचं देऊळ दाखवायला हाका मारतो. ओंकारेश्वरचं मंदिर तर बेटावर आहे. त्याचं दर्शन परिक्रमा पुरी झाल्यावर. तोवर दक्षिण तटावरचं ममलेश्वर. बँक, दवाखाना, पोस्ट आपल्याच काठावर कुठे आहे हे आदल्या दिवशी आश्रमात विचारून ठेवा.

दुसरी चूक, विश्रांतीची सहल करणं. महेश्वरसारख्या गावात हे हमखास होतं. किल्ला, अहिल्याबाईंचा वाडा, राजराजेश्वराचं देऊळ, मग साड्यांचे हातमाग, आणि मध्ये घाटाच्या त्या पायऱ्या दोनदा चढणं-उतरणं. सॅक पाठीवर नाही म्हणून जाणवत नाही, पण संध्याकाळी पिंढऱ्या आदल्या दिवसापेक्षा जास्त ठणकतात. एकच ठिकाण निवडा, तेही ऊन उतरल्यावर.

सकाळ कपड्यांसाठी राखा. दुपारी धुतलेले जाड मोजे हिवाळ्यात रात्रीपर्यंत वाळत नाहीत, आणि ओलसर मोजा घालून निघालात की दुपारपर्यंत टाचेला फोड आलाच म्हणून समजा. साबण नदीत नाही, आश्रमाच्या नळावर. मोजा उलटा करून बोटांजवळची शिवण बघा. तिथे घामाचं मीठ आणि वाळू घट्ट बसलेली असते, ती नखाने मोकळी करा. असलेल्या फोडाची कातडी मात्र कापू नका. ती आपोआप सुटू द्या.

मग पोस्ट. आठवडाभर जिला हात लागला नाही ती वस्तू पार्सलने घरी धाडा. दुसरी जीन्स, जाडजूड पोथी, ‘असू दे’ म्हणून घेतलेली तिसरी शाल. फक्त वार बघून थांबा: रविवारी पोस्ट बंद, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद. नर्मदा जयंती किंवा अमावस्या असेल तर मोठ्या घाटांवर आसन लावायला, म्हणजे मुक्कामाला, जागा मिळणंच मुश्किल.

खाण्याबद्दल काय सांगावं! सदावर्ताच्या, म्हणजे परिक्रमावासींना फुकट मिळणाऱ्या शिध्याच्या, खिचडीनंतर निमाडात (महेश्वर-ओंकारेश्वरच्या भागात) गरम पोहे-जिलेबी समोर आली की कोण थांबतं? खा, पण उघड्यावरची चटणी आणि कापलेली फळं सोडा. पोट बिघडलं तर एका दिवसाचे तीन होतात.

आश्रमात दुसऱ्या रात्रीचा मुक्काम गृहीत धरू नका. बहुतेक ठिकाणी सोय एका रात्रीची असते, मागून दुसरे परिक्रमावासी येतच असतात. महाराजांना आधी विचारा, झाडलोट किंवा भाजी चिरायला बसा.

थांबून उलट अंग जड झालं? तसं होतं. निघायच्या दिवशी निम्माच टप्पा ठेवा. पण एकाच पायाची पिंढरी सुजून गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यांनी चालायला मनाई केली तर जिथे थांबलात त्या जागेची नोंद वहीत करा, आश्रमाचा शिक्का घ्या आणि घरी जा. टप्प्याटप्प्याने परिक्रमा करणारे पुष्कळ आहेत. बरं वाटलं की त्याच जागेवरून पुढे निघता येतं.